जागेचं वचन द्या, तेजाचं नको

धूमकेतू येणार अशी बातमी आली की हौशी आकाशनिरीक्षकांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, शाळांना कळवा, सोसायट्यांना कळवा, जमेल तेवढी माणसं बोलवा. दुसरा म्हणतो, कुणालाही बोलवू नका. माणसं बातमीतला फोटो मनात ठेवून येतात, आकाशात धुरकट ठिपका बघतात आणि परत कधी फिरकत नाहीत. दोघांचंही म्हणणं अनुभवातून आलेलं आहे, म्हणून वाद मिटत नाही.

हा वाद इथे एका घरातल्या दोघांच्या तोंडी दिला आहे. वहिनी वाईतल्या एका शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांचं साधन म्हणजे एक १०×५० ची बायनॉक्युलर आणि एक वही. त्यांचे धाकटे दीर पुण्याला नोकरी करतात आणि सुट्टीला गावी येताना कॅमेरा, ट्रायपॉड आणि ताऱ्यांच्या चालीनं कॅमेरा फिरवणारी मोटार गाडीत टाकून आणतात. पुढचा बरा धूमकेतू येईल तेव्हा शाळेतल्या मुलांना आणि पालकांना गावाबाहेरच्या माळावर जमवायचं की नाही, एवढाच प्रश्न होता.

भाऊजी : वहिनी, स्पष्टच सांगतो, नका बोलावू. लोक पहाटे चारला उठतील, पोरांना स्वेटर घालून आणतील, आणि तुम्ही बोट करून म्हणाल, ‘ते बघा.’ त्यांना काहीच दिसणार नाही.

वहिनी : दिसणार नाही की दिसेल ते आवडणार नाही?

भाऊजी : दोन्ही. यादीच देतो. १९७३ चा कोहोटेक. शतकातला धूमकेतू म्हणून जगभर गाजावाजा झाला, डिसेंबरअखेर सूर्याला वळसा घालून आला तेव्हा जेमतेम होता. १९८६ चा हॅले. आपल्याकडे त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, निम्मे लोक म्हणतील, ‘गेलो होतो, पण नक्की काय बघितलं ते आठवत नाही.’ २०१३ चा आयसॉन. पौर्णिमेच्या चंद्राहून तेजस्वी होणार म्हणून छापून आलं होतं. २८ नोव्हेंबरला सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे बारा लाख किलोमीटरवरून गेला आणि विरून गेला. २०२० च्या एप्रिलमध्ये एक अ‍ॅटलास, तो तर सूर्याजवळ पोहोचायच्या आधीच फुटला. एवढं सगळं ठाऊक असून लोकांना पुन्हा बोलवायचं?

वहिनी : त्या निराशेचा दोष हॅलेच्या माथी मारू नका. ९ फेब्रुवारी १९८६ ला तो सूर्याच्या सर्वांत जवळ होता, तेव्हा आपण सूर्याच्या नेमके पलीकडच्या बाजूला होतो. पृथ्वीवरून बघायला दोन हजार वर्षांत इतकी वाईट फेरी आली नव्हती. आणि हे आधीपासून माहीत होतं. तरी बातम्यांत १९१० च्या हॅलेची चित्रं छापली. मग लोक निराश होणार नाहीत तर काय?

भाऊजी : बरं, हॅले सोडला. बाकीचे?

वहिनी : बाकीच्यांतल्या दोघांत एक गोष्ट सारखी आहे. कोहोटेक काय, आयसॉन काय, ही सूर्यमालेच्या पार बाहेरच्या ऊर्ट मेघातून आलेली मंडळी. अशा नवख्या धूमकेतूवर कार्बन मोनॉक्साइडसारखे लवकर उडून जाणारे बर्फ वरच्या थरात असतात. तो सूर्यापासून लांब असतानाच ते उडायला लागतात, म्हणून तो तेव्हाच उजळ दिसतो. पाण्याचा बर्फ जोरात उडायला लागतो सूर्यापासून साधारण पंचेचाळीस कोटी किलोमीटरच्या आत आल्यावर. लांबच्या उजेडावरून कुणी पुढचा हिशोब मांडला तर तो फुगतो. मग प्रत्यक्षात वरचा थर संपतो आणि तेज अपेक्षेइतकं चढत नाही.

भाऊजी : म्हणजे माझंच म्हणणं झालं. भाकीत करता येत नाही.

वहिनी : अर्धंच झालं. भाकीत उलट्या बाजूलाही चुकतं. २०२४ च्या त्सुचिनशान-अ‍ॅटलासबद्दल जुलैमध्ये एका मोठ्या जाणकारानं लिहिलं होतं की हा आता फुटणार, शेवट अटळ आहे. फुटला का? २७ सप्टेंबरला सूर्याला वळसा घालून धडधाकट बाहेर आला. तुम्हीच त्याचे फोटो काढलेत. बैठकीच्या खोलीत लावलाय तो कोणाचा आहे?

भाऊजी : त्याचा आहे. पण तो फोटो आठ सेकंदांचा आहे, वहिनी. आणि तसे अनेक फोटो एकावर एक चढवलेले आहेत. मी डोळ्यांनी बघितलं तेव्हा शेपटी होती, नाही म्हणत नाही, पण फोटोत दिसते त्याच्या निम्मीसुद्धा नव्हती. माझा आक्षेप नेमका इथेच आहे. कॅमेरा प्रकाश साठवत जातो. डोळा साठवतो फार तर दशांश सेकंद, मग पाटी पुसून नव्यानं सुरू. त्यातून अंधारात रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत. फोटोतला डोक्याचा हिरवा रंग कार्बनच्या जोडरेणूंमुळे येतो, तो खराच आहे, पण डोळ्यांना दिसतो राखाडी. मग लोकांना माळावर नेऊन राखाडी दाखवण्यापेक्षा शाळेच्या पडद्यावर हिरवा दाखवा ना. तासाभरात सगळं समजेल, कुणाची झोप जाणार नाही.

वहिनी : पडद्यावर जरूर दाखवू, आधी दाखवू. पण पडद्यावर एक गोष्ट कधीच कळत नाही : तो आकाशात कुठे आहे आणि किती मोठा आहे. फोटोत धूमकेतू चौकटभर असतो. माळावर तोच धूमकेतू शुक्र आणि स्वाती यांच्यामध्ये, डोंगराच्या रेघेवर, एवढ्याशा जागेत असतो. मुलाला ते एकदा कळलं की तो नंतर कुठलाही फोटो बघून विचारतो, ‘हे आकाशाचा किती भाग आहे?’ हा प्रश्न मला पाहिजे आहे.

भाऊजी : प्रश्न चांगला आहे. पण तो विचारायला मुलाला आधी धूमकेतू सापडला पाहिजे. बातमीत तेजाची प्रत लिहितात, ‘चौथ्या प्रतीचा, नुसत्या डोळ्यांनी दिसेल.’ लोक म्हणतात, चौथ्या प्रतीचे तारे तर आम्हाला दिसतात, मग हा का दिसत नाही?

वहिनी : कारण ताऱ्याचा प्रकाश एका टिंबात असतो आणि धूमकेतूचा पसरलेला. चमचाभर तूप एका घासावर घाला आणि तेवढंच परातभर भातावर घाला. तूप तेच, पण चव कुठे लागते? चौथी प्रत म्हणजे सगळ्या पसाऱ्याचा मिळून प्रकाश. आकाश काळं नसेल तर तो पसारा आकाशाच्या उजेडात मिसळून जातो. म्हणून धूमकेतूची प्रत वाचायची आणि मनात दीड-दोननं मंद धरून चालायचं. आणि गाव सोडायचं. गावात आता प्रत्येक खांबावर पांढरा एलईडी आहे. आपल्याकडे पेंचच्या व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये अंधाऱ्या आकाशाचं उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, देशात पहिलीच. अंधाराला प्रमाणपत्र द्यायची वेळ आली, यातच काय ते आलं.

भाऊजी : पेंचला कोण जातंय? आपल्या माळावरून काय होतं ते सांगा. तुम्ही तो २०२५ चा लेमन कसा शोधलात?

वहिनी : तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला २१ ऑक्टोबरला, म्हणजे नेमका लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. अमावस्या, म्हणजे चंद्राची कटकट नाही, पण फटाक्यांचा धूर क्षितिजावर बसलेला. म्हणून गाव मागे टाकून गेलो. सूर्य मावळल्यावर पाऊण तासानं वायव्येकडून पश्चिमेपर्यंतचा पट्टा बघायचा. हात सरळ पुढे करून मूठ धरली की ती आकाशात साधारण दहा अंश झाकते. धूमकेतू होता क्षितिजापासून दीड-दोन मुठी वर. म्हणजे एखादं झाड किंवा शेड समोर आलं की संपलं. आधी उजेडात जाऊन जागा बघून यायची असते ती याचसाठी. मग स्वाती शोधला, तिथून भूतपाच्या ताऱ्यांवरून बायनॉक्युलर सावकाश आडवी फिरवली. ती हातात नुसती धरून चालत नाही. गाडीच्या टपावर कोपरं टेकवली की तारे नाचायचे थांबतात.

भाऊजी : आणि दिसला?

वहिनी : पहिल्या फेरीत नाही. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि मधे कुणी मोबाइल उघडला की पुन्हा पहिल्यापासून. दिसला तेव्हा टिंब नव्हता, गोल धूसर डाग होता, मध्ये जरा दाट. त्याच्याकडे रोखून बघितलं की जातो, जरा बाजूच्या ताऱ्याकडे बघितलं की येतो. कारण मंद उजेड पकडणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यभागी नसतात, कडेला असतात. ही तिरकी नजर मुलांना शिकवावी लागते. पण पोरं पाच मिनिटांत शिकतात, पालकांनाच वेळ लागतो.

भाऊजी : कशावरून तो धूमकेतूच होता? धूसर डाग आकाशात काही थोडे नाहीत. देवयानीची दीर्घिका, शौरीतला तारकागुच्छ, बायनॉक्युलरमध्ये सगळे सारखेच.

वहिनी : हाच प्रश्न मेसिए या फ्रेंच धूमकेतूशोधकाला पडला होता. हॅलेची वाट बघताना १७५८ मध्ये त्याला वृषभात एक डाग दिसला, तो हलेना. तो होता खेकडा तेजोमेघ, त्याच्या यादीतला पहिला नंबर. धूमकेतू शोधणाऱ्यांना चकवा नको म्हणून त्यानं न हलणाऱ्या डागांची यादीच केली. आज ती यादी सुंदर वस्तूंची म्हणून आपण वापरतो, पण करण्याचा हेतू होता ‘इकडे फसू नका’. त्यामुळे कसोटी साधी आहे. आज वहीत ताऱ्यांमध्ये डागाची जागा काढा, उद्या पुन्हा काढा. सरकला तर धूमकेतू. माझ्या वहीत लेमनचे ओळीनं ठिपके आहेत, आणि ते कुणाच्या फोटोतून उतरवलेले नाहीत.

भाऊजी : पण मेसिएच्या गोष्टीतच तुमच्या विरोधात पुरावा आहे. हॅलेची वाट पॅरिसमध्ये तो नकाशा घेऊन बघत होता आणि नकाशाच चुकीचा निघाला. त्याच्या वरिष्ठानं, दलिलनं, ज्या पट्ट्यात बघायला सांगितलं त्यात हॅले नव्हताच. सापडला कुणाला? ड्रेस्डेनजवळच्या पालिच नावाच्या शेतकऱ्याला, २५ डिसेंबर १७५८ च्या रात्री. मेसिएला दिसला पुढच्या जानेवारीत. म्हणजे तेज तर तेज, जागेचाही भरवसा नाही.

वहिनी : बरं झालं तुम्हीच काढलंत. पालिच शेती करत करत स्वतः खगोलशास्त्र शिकलेला हौशी माणूस होता, हे आधी लिहून ठेवा. आता जागेचं बघा. हा धूमकेतू परत येईल असं सांगणारा हॅले स्वतः १७४२ मध्ये गेला. नंतर क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत या बाईंनी गुरू-शनीच्या ओढीचा महिनोन्महिने हिशोब केला आणि सांगितलं, सूर्याजवळ येईल एप्रिल १७५९ च्या मध्याला. आला १३ मार्चला. शहात्तर वर्षांच्या फेरीत महिन्याची चूक, तीही हातानं केलेल्या गणितात. आज ती चूक उरलेली नाही. धूमकेतू सापडल्यावर काही आठवड्यांत त्याची कक्षा इतकी नेमकी कळते की दसऱ्याला संध्याकाळी सातला तो कुठल्या ताऱ्याशेजारी असेल ते मी जूनमध्ये सांगू शकते. किती तेजस्वी असेल ते मात्र कुणीच सांगू शकत नाही. कक्षा ठरते गुरुत्वाकर्षणानं. तेज ठरतं त्या गोळ्यावर किती बर्फ आहे, कसला आहे, कुठे भेग पडली, किती धूळ सुटली, यावर. ते जवळ जाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. लोकांना आपण सांगतो काय? नेमकं तेज. सांगायची असते जागा.

भाऊजी : हे मला पटलं. थांबा, हे खरंच पटलं. म्हणजे निमंत्रणात ‘तेजस्वी’ हा शब्दच नको.

वहिनी : ‘शतकातला’ पण नको. दर दोन वर्षांनी शतक संपतं का?

भाऊजी : तरी अडचण सुटली नाही. जागा ठरली, पण आकाश मोकळं असेल याची हमी? २०२० च्या जुलैमध्ये निओवाइज खरोखर चांगला होता. जगभर लोकांनी नुसत्या डोळ्यांनी बघितला. आपण काय बघितलं? ढग. भर पावसाळा. तो आता परत येईल जवळपास सात हजार वर्षांनी.

वहिनी : खरंय. आपल्याकडे धूमकेतू पंचांगाशी जुळवूनच बघावा लागतो. त्सुचिनशान सूर्याजवळ आला पितृपक्षात, पहाटे पूर्वेला क्षितिजालगत, परतीच्या पावसाच्या ढगांत. पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला १२ ऑक्टोबरला, दसऱ्याला, सुमारे सात कोटी किलोमीटरवर. त्या सुमाराला तो साधारण सूर्य आणि आपल्यामध्ये होता; उन्हात उडणारी धूळ जशी उजेडाच्या दिशेनं बघितल्यावर चमकते तशी त्याची धूळ चमकत होती. पण होता सूर्याच्या उजेडात. मग संध्याकाळी पश्चिमेला वर यायला लागला, रोज थोडा वर, रोज थोडा मंद. चार दिवसांत कोजागरी. सगळं गाव गच्चीवर, दूध आटतंय, आणि चंद्रानं आकाश धुऊन टाकलेलं. पौर्णिमा उलटल्यावर चंद्र उशिरा उगवायला लागला तेव्हा अंधार मिळाला, तोवर धूमकेतू उतरणीला लागला होता. म्हणून मी एक रात्र ठरवतच नाही. चार रात्री ठरवते, त्यातली जी मोकळी ती आपली.

भाऊजी : आई म्हणायच्या, नवरात्रात कसलं ते शेंडेनक्षत्र बघायचं.

वहिनी : म्हणायच्या, आणि मग स्वतःच गच्चीत येऊन ‘कुठंय गं?’ असंही विचारायच्या. आपल्याला वाटतं शकून-अपशकून फक्त आपल्याकडे. १९१० मध्ये हॅलेच्या शेपटीतून पृथ्वी जाणार होती, आणि शेपटीत सायनोजेन वायू सापडला होता. एवढ्यावर युरोप-अमेरिकेत लोकांनी दारं-खिडक्यांच्या फटी बुजवल्या, धूमकेतूवरच्या गोळ्या विकत घेतल्या. शेपटी इतकी विरळ असते की काहीच झालं नाही.

भाऊजी : भीतीचं सोडा. माझा शेवटचा आणि मोठा मुद्दा वेगळा आहे. हौशी माणसानं हे का करायचं? पूर्वी निदान नाव लागायची आशा होती. आता नावं बघा, अ‍ॅटलास, पॅनस्टार्स, लेमन. सगळी सर्वेक्षणांची. रोज रात्री यंत्रं आकाश झाडून काढतात. तुमच्या बायनॉक्युलरला काय उरलंय?

वहिनी : २०१९ मध्ये दुसऱ्या ताऱ्याकडून आलेला पहिला धूमकेतू कुणाला सापडला? बोरिसोव्ह या हौशी माणसाला, क्रिमियात, स्वतः बांधलेल्या पासष्ट सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून. २०२३ मध्ये निशिमुरा, जपानमध्ये, साध्या डीएसएलआर कॅमेऱ्यावर २०० मिलिमीटरची लेन्स लावून. आणि १९९५ चा हेल-बॉप. थॉमस बॉपकडे स्वतःची दुर्बीणसुद्धा नव्हती. मित्राच्या दुर्बिणीतून धनू राशीतला तारकागुच्छ बघत होता, शेजारी डाग दिसला. तो धूमकेतू दीड वर्ष नुसत्या डोळ्यांनी दिसत राहिला.

भाऊजी : बोरिसोव्ह आणि निशिमुरा, दोघांनीही कॅमेऱ्यानं शोधला. आणि आपल्या वेणू बाप्पूंचं नाव ज्या धूमकेतूला आहे, बाप्पू-बॉक-न्यूकर्क, १९४९ चा, तो हार्वर्डमध्ये विद्यार्थी असताना फोटोच्या काचेवरच सापडला. म्हणजे डोळा हरला, कॅमेरा जिंकला.

वहिनी : हे मान्य. पण ते कॅमेरे कुणाच्या हातात होते? हौशी माणसांच्या. नारळीकरांच्या ‘धूमकेतू’ कथेतला दत्तदासुद्धा असाच घरच्या दुर्बिणीवरचा माणूस आहे. आणि मी नाव लागावं म्हणून बसतच नाही. मी प्रत काढायला बसते.

भाऊजी : ते कसं? बायनॉक्युलरवर काही मीटर तर नसतो.

वहिनी : नसतो, म्हणूनच मजा. लेमन घ्या. इझार ताऱ्याजवळ दोन तारे शेजारी-शेजारी आहेत, एक ३.६ प्रतीचा, दुसरा ४.५ चा. आधी धूमकेतू स्वच्छ फोकसमध्ये बघायचा, किती पसरलाय आणि किती उजळ आहे ते ध्यानात ठेवायचं. मग तारे अस्पष्ट करत जायचे, ते धूमकेतूएवढे फुगेपर्यंत. आता दोन्ही पसरलेले, म्हणजे तुलना बरोबरीची झाली. धूमकेतू पहिल्यापेक्षा मंद, दुसऱ्यापेक्षा उजळ, साधारण मधोमध, म्हणजे ४.० किंवा ४.१. वहीत तारीख, वेळ, साधन, आकाशाची स्थिती आणि हा आकडा. एकट्याच्या आकड्यात चूक असते. पण जगभरातल्या हौशी लोकांचे आकडे एकत्र आले की धूमकेतूच्या तेजाचा चढउतार उभा राहतो. आणि कॅमेरे येण्याआधीपासून माणसं डोळ्यांनीच असे अंदाज घेत आली आहेत, म्हणून जुन्या धूमकेतूंशी तुलना करायला हीच पद्धत उपयोगी पडते. तेज कुणाला आधी सांगता येत नाही ना? मग घडताना मोजणारा कुणीतरी लागतोच.

भाऊजी : हे मुलांकडून करून घ्या. मग मी विरोध करत नाही. तीस मुलांनी तीस आकडे काढायचे आणि फळ्यावर मांडायचे. त्यात निदान काम आहे. नुसतं ‘बघा, बघा’ नाही.

वहिनी : आणि तुम्ही फोटो काढायचा. पण फोटोखाली लिहायचं : किती सेकंदांचा, किती फोटो एकत्र केले, कुठली लेन्स. शेजारी माझ्या वहीतलं पेन्सिलचं चित्र. डोळ्याला एवढंच दिसेल, कॅमेऱ्याला एवढं. दोन्ही निमंत्रणावर छापायची.

भाऊजी : निमंत्रण मी लिहितो. ‘धूमकेतू अमुक तारखांना सूर्यास्तानंतर सव्वा तासानं पश्चिमेला, क्षितिजापासून दीड मूठ वर, अमुक ताऱ्याच्या उजवीकडे असेल. डोळ्यांना धुरकट डागासारखा दिसेल, कदाचित दिसणारही नाही. शेपटी दिसली तर नशीब. ढग आले तर दुसऱ्या दिवशी. बायनॉक्युलर असल्यास आणा, पक्षी बघायची चालेल. टॉर्चला लाल कागद लावा. मोबाइल खिशात.’

वहिनी : शेवटी लिहा, ‘धूमकेतू नाही दिसला तरी गुरू किंवा शनी, आणि देवयानीची दीर्घिका, यांतलं काहीतरी नक्की दाखवू.’ रिकाम्या हातानं कुणाला परत पाठवायचं नाही.

भाऊजी : आणि चहा?

वहिनी : चहाचं वचन देता येतं. ते लिहा.

वाद इथे संपला, आणि निकाल उघड आहे. दुसऱ्या तटाची तक्रार खरी आहे : धूमकेतूच्या नावावर लोकांना जे दाखवायचं कबूल केलं जातं, ते बहुतेक वेळा कबूल करण्यासारखं नसतं. पण त्यावर उपाय लोकांना न बोलावणं हा नाही, कबुली बदलणं हा आहे. जागा आणि वेळ पक्की सांगा, तेजाबद्दल गप्प राहा, फोटो छापला तर तो कसा काढला ते छापा, आणि आलेल्या माणसाच्या हाती वही-पेन्सिल द्या.

वाचकांनाही तेच सांगणं. पुढच्या धूमकेतूची बातमी वाचाल तेव्हा ‘प्रत’ वाचून उड्या मारू नका आणि नाकही मुरडू नका. चार गोष्टी बघा : तारखा कुठल्या, पहाट की संध्याकाळ, दिशा आणि उंची किती, चंद्र कुठे. त्या आपल्या सोयीच्या असतील तर शेजाऱ्याची बायनॉक्युलर मागून घ्या आणि गावाबाहेर पडा. एकच नव्हे, दोन-तीन रात्री. हॅले येईल तेव्हा बघू, असं म्हणत मात्र बसू नका. तो सूर्याच्या सर्वांत जवळ येणार आहे २८ जुलै २०६१ ला, आणि जुलैअखेर महाराष्ट्रात पावसाळा ऐन भरात असतो.